गराफ्यातली ओकुसान

रस्त्यावरून पाहणाऱ्याला ती गाडी बिनड्रायव्हरची वाटायची. पांढरी पिकअप, मागच्या हौद्यात कोंड्याचं पोतं किंवा पुदिन्याच्या जुड्या, आणि पुढच्या काचेमागे नुसतं स्टिअरिंग. गाडी जवळ आली की स्टिअरिंगच्या वर एक सुती टोपी आणि दोन भुवया दिसत. सीटवर दोन उशा घेऊनही ओकुसानची उंची तेवढीच भरायची. चौकातला पोलीस सुरुवातीला दचकायचा. पुढे ओळख झाल्यावर तो हात करून तिला आधी जाऊ द्यायचा, आणि ती मान लववून त्याचे आभार मानायची. मान लववली की भुवयाही दिसेनाशा होत.

मी पहिल्यांदा तिच्या शेजारी बसले तेव्हा ती गाडी चालवताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, एखादा जपानी मंत्र असेल. कान देऊन ऐकलं तर ती म्हणत होती, "सोडा... सोडा... हळू. आता दाबा." तेही अगदी कोकणी हेलात.

उलगडा नंतर झाला. तिला गाडी शिकवली होती आमच्या ऑफिसच्या ड्रायव्हरने, गणपतरावांनी. ते संगमेश्वरकडचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि तिलाही. तिचा नवरा, म्हणजे आमचे जपानी साहेब, साइटवर गेले की हे दोघं घरामागच्या मोकळ्या वाळूत गाडी घेऊन जात. गणपतराव मराठीत सूचना देत आणि ती त्या पाठ करून पाळत असे. क्लच सोडायचा म्हणजे 'सोडा' आणि ब्रेक म्हणजे 'दाबा'. गाडी चालवण्याची भाषाच मराठी असते अशी तिची समजूत झाली होती की काय, कोण जाणे. पुढे लायसन्ससाठी नवऱ्याची सही लागली तेव्हा साहेबांना ही गोष्ट कळली. त्यांनी कागद वाचला, बायकोकडे पाहिलं आणि सही केली. गणपतराव सांगायचे, "ताई, मला वाटलं माझी नोकरी गेली. पण साहेब एक अक्षर बोलले नाहीत."

साहेब कधीच फार बोलत नसत. दोहाजवळ समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करण्याच्या एका प्रकल्पावर ते मुख्य इंजिनिअर होते आणि मी त्यांच्या ऑफिसात दुभाषी होते. सत्तरचं दशक सरत आलं होतं. पुण्यात मी जपानीचा वर्ग केला होता. का केला, याला धड उत्तर नव्हतं. पण त्या भाषेमुळे मला कतारमध्ये नोकरी मिळाली. माझी थोरली बहीण आणि भावजी तिथे आधीपासून होते, म्हणून घरच्यांनी जाऊ दिलं. मी बहिणीकडे राहत होते. मग भावजींची बदली दुखानला झाली, पार दुसऱ्या किनाऱ्याला. तिथून रोज येणं-जाणं शक्य नव्हतं. दोहातल्या नजम्यात आपल्या माणसांच्या भाड्याच्या खोल्या पुष्कळ होत्या, पण त्या पुरुषांच्या. एकेका खोलीत दाटीवाटीने खाटा. एकट्या मुलीने राहावं अशी जागा कुठे सापडेना. मी राजीनाम्याची भाषा काढली तेव्हा साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्या घरी एक खोली रिकामी आहे. मी बायकोला विचारतो." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिकअप दारात हजर.

'ओकुसान' हे तिचं नाव नव्हे. दुसऱ्याच्या बायकोला आदराने असं म्हणतात. ऑफिसातले सगळे तिला ओकुसानच म्हणत, मीही म्हणू लागले. तिने मला ठेवलेलं नाव याहून मजेदार होतं. गणपतराव मला ताई म्हणत. ते माझं नाव आहे असं समजून तिने त्याला आपला आदराचा 'सान' जोडला. त्या घरात मी शेवटपर्यंत ताईसान होते.

माझं जपानी पुस्तकातलं. तिचं एका लांबच्या मासेमारीच्या गावातलं. पुण्यात मराठी शिकलेल्या परदेशी माणसाला एकदम मालवणात नेऊन सोडावं, तशी माझी अवस्था झाली. तिला त्याची पर्वा नव्हती. ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं असतं, असं तिचं मत होतं. ती आपल्या वेगात बोलत राही आणि मी अंदाजाने उत्तरं देई. अरबी तिला एकच शब्द यायचा, 'खलास', आणि तो ती सगळीकडे वापरायची. भात शिजला, खलास. कपडे वाळले, खलास. सकाळी मला उठवायलाही दारावर टकटक करून म्हणायची, "ताईसान, झोप खलास."

त्यांचं घर गराफ्यात, दोहाच्या कडेला. तिथे तेव्हा घरं तुरळक होती. दोन घरांमध्ये नुसती वाळू. वारा सुटला की दारं-खिडक्या लावूनही ती बारीक पिठासारखी आत यायची. वारा थांबला की ओकुसान ओलं फडकं घेऊन गुडघ्यांवर बसायची आणि सगळी फरशी पुसून काढायची. तिथपर्यंत ठीक होतं. पण त्यानंतर ती अंगणात जाऊन बोराच्या झाडाची पानं पुसायची. शिडीवर चढून, एकेक पान हातात धरून. शेजारचे कतारी गृहस्थ भिंतीपलीकडे उभे राहून बघत. एकदा त्यांनी मला हिंदीत विचारलं, "ये क्या करती है?" मी तिला विचारलं. ती म्हणाली, "याला स्वतःला झटकता येत नाही ना." मी ते त्यांना सांगितलं. पुढच्या वादळानंतर त्यांनी त्यांच्या माळ्याकरवी रबरी नळी पाठवून दिली. ओकुसानने आभार मानून ती गुंडाळून ठेवली. पानं फडक्यानेच पुसली.

जेवणाचा प्रश्न सुरुवातीलाच आला. मी मांस-मासे खात नाही असं आधी सांगितलं होतं, आणि तिने ते मनापासून मान्य केलं होतं. काही आठवडे मी रोज तिच्या हातचं भाज्यांचं सार चवीने पीत होते. मग एकदा स्वयंपाकघरात तिला लाकडाच्या ढलप्यांसारखं काहीतरी उकळत्या पाण्यात टाकताना पाहिलं. विचारलं तर सुकवलेला मासा.

"ओकुसान, मी मासे खात नाही."

"मासा कुठे आहे? मासा मी गाळून काढते. राहतं ते पाणी."

गणपतराव तेव्हा भाजी ठेवायला आले होते. त्यांना मी गाऱ्हाणं सांगितलं तर ते तिच्याच बाजूने. म्हणाले, "ताई, सुकट काय मांस असतं होय?"

मी दोन दिवस दही-भात खाल्ला. तिसऱ्या दिवशी तिने एक नवं पातेलं माझ्यापुढे ठेवलं. त्याच्या कडीला लाल दोरा बांधला होता. "हे ताईसानचं. यात फक्त समुद्रातला पाला आणि वाळवलेल्या अळंब्या. मासा याच्या शेजारीसुद्धा बसणार नाही." त्या पातेल्याला तिने वेगळं फडताळ दिलं. साहेबांनी एकदा चुकून त्यात अंडं उकडलं तेव्हा ती त्यांच्याशी दिवसभर बोलली नाही.

कोंड्याची पोती होती तिच्या लोणच्यासाठी. तिच्या गावी तांदळाच्या कोंड्यात मीठ-पाणी घालून त्यात मुळे, काकड्या पुरतात. कतारमध्ये तांदळाचा कोंडा कुठून मिळणार? उम्म सलाल मोहम्मद या गावाच्या बाजूला एका म्हाताऱ्या कतारी बाईचं शेत होतं. तिच्याकडे शेळ्यांसाठी गव्हाचा कोंडा असे. शुक्रवारी सकाळी आम्ही तिकडे जायचो. म्हातारीच्या चेहऱ्यावर तिकडच्या बायका लावतात ती बुरख्याची सोनेरी पट्टी, हिच्या डोक्यावर टोपी. दोघी खजुराच्या झाडाखाली चटईवर बसत. एक अरबीत बोलायची, दुसरी जपानीत. मी मधे भाषांतराचा प्रयत्न केला तर दोघींनी हातानेच मला गप्प केलं. त्यांचं छान चाललं होतं. जपानी माणसं शेळ्यांचा कोंडा खातात, हे म्हातारीने सगळ्या गावाला सांगितलं होतं. आम्ही दिसलो की पोरंबाळं शेळीसारखी ओरडत. ओकुसान त्यांना तसंच ओरडून उत्तर द्यायची.

त्या घरातल्या आंघोळीबद्दल सांगायलाच हवं. साहेबांनी साइटवरच्या वेल्डरकडून पत्र्याची चौकोनी खोल टाकी करून घेतली होती. जपानी रीत अशी की अंग बाहेर धुवायचं आणि मग गळ्यापर्यंत त्या गरम पाण्यात बसायचं. पाणी सगळ्यांना मिळून एकच. गच्चीवरच्या टाकीतून उन्हाळ्यात इतकं कढत पाणी येई, की दुपारी भरलेली टाकी संध्याकाळपर्यंत निवत ठेवावी लागे. दुसऱ्याच्या उष्ट्या पाण्यात बसायचं या कल्पनेने मला पहिल्यांदा शिसारी आली. मी बरेच दिवस बादलीवरच भागवलं. मग थंडी पडली, हवेत गारठा आला, आणि माझं सोवळं संपलं.

पण एक गोष्ट मला खटकत होती. पुस्तकात वाचलं होतं की जपानी घरात आधी पाहुणा टाकीत जातो, मग घरातला पुरुष, मग बाकीचे. इथे पहिली जायची ओकुसान. ती निवांत बसायची, आतून गाणं ऐकू यायचं. मग मी. साहेब सगळ्यांत शेवटी. साइटवरून धुळीने माखून आले तरी ते हातात टॉवेल घेऊन वर्तमानपत्र वाचत थांबायचे. याचं कारण मला कळलं ते माझ्या बघण्याच्या कार्यक्रमाच्या दिवशी.

माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. मुलगा मूळचा नाशिकचा, दोहातच गॅसच्या एका कंपनीत इंजिनिअर. त्याचे काका-काकूही तिथेच होते. दुखान लांब पडतं, म्हणून कांदेपोहे ओकुसानच्या घरी करायचे ठरले. तिला कसं सांगावं, या विचारात मी होते. पण तिला फार समजवावं लागलं नाही. तिच्याकडेही लग्नं अशीच जमतात. ती इतकी खूश झाली, की आदल्या दिवशीच तिने फरशी दोनदा पुसली. मी नजम्यातून पोहे, हिंग, कढीपत्ता आणला. मंडळी आली तेव्हा ओकुसान ठेवणीतला किमोनो घालून दारात गुडघ्यांवर बसून त्यांचं स्वागत करत होती. काकूंना वाटलं बाई पडली. त्या उचलायला धावल्या.

पोहे झाले. शेळ्यांच्या कोंड्यातलं लोणचं झालं. ताई-भावजींनी माझं शिक्षण सांगितलं. काका मुलाच्या प्रमोशनबद्दल बोलले. मग ओकुसान माझ्याकडे वळून म्हणाली, "मला त्या मुलाला एक प्रश्न विचारायचा आहे. तू भाषांतर कर."

स्वतःच्या बघण्यात स्वतःच दुभाष्याचं काम करणारी माझ्याशिवाय कुणी असेल असं वाटत नाही. मी मान खाली घालून म्हटलं, "ओकुसान विचारतायत, तुमच्या घरी सगळ्यांत शेवटी आंघोळ कोण करतं?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. ताईने माझ्याकडे डोळे वटारले. तो मुलगा मात्र खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "आई. सगळ्यांचं आवरून दिल्यावर. बऱ्याचदा तोवर बंबातलं पाणी संपलेलं असतं."

"मग?"

"मग काय, गारच घेते ती." मग स्वतःशीच म्हणाला, "माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं."

काकू हसून म्हणाल्या, "अहो, घरच्या बाईचं असंच असतं. ही आली की नाशिकला वहिनींना, याच्या आईला, तेवढाच हातभार लागेल. नोकरी काय, सोडायचीच आहे."

ओकुसानने मला हे सांगायला लावलं, ऐकलं, आणि सगळ्यांना पुन्हा चहा दिला. 

ते गेल्यावर आम्ही दोघी भांडी आवरत होतो. ती म्हणाली, "मुलगा चांगला आहे. विचारलं तर बघून सांगतो. पण तू लग्न करून त्याच्याकडे जाणार नाहीस, त्याच्या आईच्या हाताखाली जाशील." मग तिने तिची हकिगत सांगितली. साहेब थोरले. घर मोठं, सासू-सासरे, आजेसासू, धाकटे दीर. सून सगळ्यांत शेवटी टाकीत उतरायची. तोवर पाणी गार आणि गढूळ. ती उतरायची तेव्हा घरातले दिवे मालवलेले असत. मूल होत नव्हतं. ती ते पाणी उपसत असताना सासू दाराबाहेरून विचारायची, या महिन्यात काही?

"इथे आले त्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, पहिली मी जाणार. तो म्हणाला, बरं."

मी त्या स्थळाला नकार दिला. खरं तर नकार काकूंना होता, पण तो त्या मुलाला सोसावा लागला. ताई माझ्यावर पुष्कळ दिवस रागावून होती. "त्या बाईने तुझं डोकं फिरवलं," असं तिने आईलाही कळवलं. मी दुखानला जात राहिले, तिच्या मुलांशी खेळत राहिले. हळूहळू ती निवळली.

त्यानंतर वर्षभराने साहेबांची बदली निघाली. प्रकल्पाचा पहिला टप्पा झाला होता, कंपनी त्यांना जपानला बोलावत होती. सासूला पक्षाघाताचा झटका आला होता आणि थोरल्या मुलाने घरी यावं असा सासऱ्यांचा निरोप होता. ऑफिसात आम्ही निरोपसमारंभाची तयारी सुरू केली. घरात मात्र कुणी सामान आवरेना. ओकुसानने त्याच आठवड्यात नवा कोंडा आणून लोणचं घातलं. साहेब घरी येत, जेवत, वर्तमानपत्र वाचत. ती पानं पुसे. बदलीचा विषय दोघंही काढत नव्हती.

एका शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर मी उठू लागले तर साहेब म्हणाले, "जरा बसा. भाषांतराचं काम आहे."

मी वही घ्यायला निघाले. ते म्हणाले, "वही नको. हिला विचारा, जायची तयारी का करत नाही."

ओकुसान टेबलाच्या पलीकडे, त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. जपानीतून कुठल्या भाषेत करू, मला कळेना. मी जपानीतच तिला विचारलं, "साहेब विचारतायत, तुम्ही तयारी का करत नाही?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना सांग, मला जायचं नाही."

"त्यांना जायचं नाही," मी साहेबांना सांगितलं.

"हिला सांगा, माझी आई आजारी आहे. मी थोरला आहे."

मी सांगितलं. ती म्हणाली, "थोरले ते आहेत. मी नाही. मी एका मासेवाल्याची धाकटी मुलगी आहे. त्यांच्या आईसाठी त्यांना वाईट वाटतं ते मला कळतं. मलाही वाटतं. पण लग्न करताना मला कुणी विचारलं नव्हतं. कुठे राहायचं, कसं राहायचं, काही नाही. कतारला यायचं तेही बॅगा भरताना कळलं. आता पुन्हा सगळं ठरलंय आणि मला फक्त बॅगा भरायच्या आहेत."

एवढं लांबलचक मी कसं सांगावं? मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलंच होतं, तरी ते माझी वाट बघत होते. मी शब्द न् शब्द पुन्हा म्हटलं. माझ्या पुस्तकी जपानीत ते सगळं फार साधं आणि स्वच्छ वाटलं, जणू वर्गातला धडा. त्यांनी तो पूर्ण ऐकला. डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हिला सांगा," ते म्हणाले, आणि थांबले. मग माझ्याकडे न बघता सरळ तिच्याकडे वळले. "तुला काय हवंय?"

मी हळूच उठून माझ्या खोलीत गेले. पुढचं मी ऐकलं नाही. आवाज मात्र येत होते, बराच वेळ, दोघांचे.

साहेब एकटेच जपानला गेले. महिनाभर आईजवळ राहिले. त्या महिन्यात ओकुसान नेहमीसारखी उम्म सलालला जात राहिली, पण घरी आली की टेलिफोनजवळ बसून राहायची. आपण चुकलो असं तिला वाटत होतं का, हे मी विचारलं नाही. साहेब परतले ते आणखी काही वर्षांची मुदत घेऊन. घर धाकट्या भावाने सांभाळायचं ठरलं होतं. सासरे थोरल्या मुलाशी बोलायचे बंद झाले होते. साहेबांनी हे आम्हांला जेवताना सांगितलं, सावकाश, आणि पानातलं सगळं संपवलं. पुढच्या वर्षी सासू गेली. साहेब पुन्हा एकटेच जाऊन आले. सासऱ्यांनी सुनेला येऊ दिलं नाही.

मी त्यांच्याकडे चार-साडेचार वर्षं राहिले. पुढे माझं लग्न झालं, मी मुंबईला आले आणि एका जपानी कंपनीतच कामाला लागले. तीही दोघं ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कतार सोडून परतली, पण गावच्या घरी नाही, एका बंदराच्या शहरात.

दशक संपता संपता कंपनीच्या कामासाठी मी पहिल्यांदा जपानला गेले. एका रविवारी त्या शहरात गेले. ओकुसान स्टेशनवर आली होती. केस पांढरे झाले होते, वेग तोच. घर लहान, तिसऱ्या मजल्यावर. आत गेले तर खिडकीजवळ एक खूप म्हातारे गृहस्थ अंगावर शाल घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

"हे सासरे," ती म्हणाली.

 ती चहा ओतत सांगू लागली. धाकट्या दिराचं आणि त्यांचं पटेना. ते जेवेनात, भिंतीकडे तोंड करून बसत. साहेबांनी तिला हे सांगितलं आणि काय करायचं ते तिच्यावर सोडलं. पुढे काही सुचवलं नाही. ती चार दिवस विचार करत राहिली. पाचव्या दिवशी एकटीच ट्रेनने गेली आणि त्यांना घेऊन आली.

"ते आले?" मी विचारलं.

"दारात मला बघून रडले. मग बूट घालून द्यायला सांगितलं. मी म्हटलं, बूट तुमचे तुम्ही घाला, ट्रेनला वेळ आहे."

म्हातारबाबांनी कप पुढे केला. तिने तो भरला आणि त्यांच्या हातात देताना तळाला आधार धरून ठेवला, त्यांची पकड बसेपर्यंत.

मी हळू आवाजात म्हटलं, "ओकुसान, तेव्हा तुम्ही जायला नाही म्हणालात. मग आता का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होती, इतक्या सोप्या वाक्याचं भाषांतर मला कसं जमलं नाही.

"तेव्हाही हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "ठरवण्याआधी विचारायला हवं होतं."